गाडीवाटेवरची धूळ

माघ लागला होता, आभाळात ढगाचं पीससुद्धा नव्हतं... आणि माझी सायकल चिखलात घसरली.

पुस्तकं एकीकडे, चप्पल दुसरीकडे. शेवगावच्या कॉलेजातून वस्तीवर परतत होते. मागून मोटारसायकल थांबली. उतरलेल्या तरुणाने आधी पुस्तकं उचलली, स्वतःच्या शर्टाला पुसली, मग विचारलं, "लागलं का?"

"ह्यो पाऊस कुनाच्या दारचा?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला. "आमच्याच बोअरचा. मोटार ऑटोवर असती. लाईट आली की आपसूक सुरू. मी शेवगावला दुकानात... वावर भरून वाहत असंल."

"असंल?"

"समदेच ऑटोवर ठेवत्यात. माझ्या एकट्याच्या मोटारीनं काय हुतंय?"

"पडले ती बी एकटीच की."

त्याचं नाव आदिनाथ. मी त्याला तसंच वस्तीच्या आडावर नेलं. त्याच्या वावराच्या उतारालाच आमचा आड, हाकेच्या अंतरावर. वस्ती ऊसतोडीची. आई-बाप टोळीबरोबर कारखान्यावर. मागे मी, चुलती रंगुकाकू आणि चार म्हातारी माणसं. काकू दोर गुंडाळत गुणगुणत होती –

आडाच्या गं पान्यामंदी चांद राहतो पाव्हना,
पान्यामागं निघून जातो, सांगून काई जाईना...

"गेल्या साली आड आटला, अन् आमी समदी कारखान्यावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, ऱ्हायला गेलो," मी त्याला सांगितलं. "माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा बुडली. औंदा चैतात परत हाय."

तो आडात वाकला. मीही वाकले. खोल पाण्यात दोन चेहरे, मधे निळ्या आभाळाची चकती. तेवढ्यात लाईट आली. वरच्या वावरात मोटार घुमू लागली. आम्ही बघत राहिलो... कडेचा एक ओला दगड उघडा पडला. मग दुसरा. आमचे चेहरे आकसत आकसत खाली चालले होते.

तो वरच्या वावराकडे वळला. चिखलातून पळत गेला. थोड्या वेळाने मोटार थांबली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने ऑटो काढून ठेवला. लाईटच्या वेळेला शेवगावहून सहा किलोमीटर यायचा, वाफे भरायचा, स्वतःच्या हाताने मोटार बंद करून जायचा. येता-जाता बांधावर दिसायचा.

"आज लाईट लवकर आली वाटतं?" मी सायकलवरूनच.

"लाईट न्हाई आली अजून."

"मग?"

"मग... मी आलो."

माझा पाय पेडलवरून सुटला. चिखल नसताना.

"आडात किती?" हे तो रोज विचारायचा. मी हात पसरून दोराचा भिजलेला भाग दाखवायचे. दीड हात. पावणेदोन. कुणी पाण्याची चौकशी करावी आणि मला लाजावंसं वाटावं... माझं मलाच नवल वाटे.

मग फाल्गुनात एके दुपारी वाट पुन्हा ओली दिसली. मी उतरले आणि त्या चिखलात नुसती उभी राहिले. नगरला मित्राचं लग्न होतं. तीन दिवसांसाठी जाताना त्याने ऑटो पुन्हा जोडला होता – एवढ्यापुरताच.

संध्याकाळी बादलीत गाळ आला. काकूने कारखान्यावर जायला बोचकं बांधलं.

सकाळी आम्ही फाट्यावर टेम्पोची वाट बघत होतो, तेव्हा तो आला. हातात ऑटोची पेटी, वायरी लोंबत होत्या.

"ही तुझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "म्हंजी परत माझ्या हातून..."

"म्या काय राखन करू तुमची?"

"तुझ्यासाठी सोडतो ही खोड, सुकन्या."

केवढं मोठं बोलला होता तो. हेच ऐकायला मी महिनाभर सायकल हळू चालवली होती. पण माझी नजर काकूच्या बोचक्यावर गेली.

"माझ्यासाठी नगं. माझ्यासाठी केलेलं माझ्यामागंच जातं. मी हितं नसताना बी वाट कोरडी ऱ्हायली... तर बघू."

टेम्पो आला. पेटी त्याच्याच हातात राहिली.

महिनाभर मोळ्या बांधल्या, मोळीवर बसून पुस्तक वाचलं. फोन मी केला नाही. त्यानेही नाही. पेपर दोन दिवसांवर आला तेव्हा बाप म्हणाला, "आडात पानी नसंल तर?"

"तर सांजच्या टेम्पोनं माघारी."

फाट्यावर उतरून चालू लागले. वळणावर नजर उचलवेना, पायांकडेच बघितलं. धूळ. मऊ, ऊन ऊन, घोट्यापर्यंत चढणारी धूळ. मी वाटेतच थांबले आणि ती मुठीत घेतली. बांधापलीकडे त्याचं अर्धं वावर मोकळं सोडलेलं होतं. भिजवायचंच नाही म्हणून पेरलेलंच नव्हतं.

आडात दोर सोडला. भिजून वर आला. फार नाही, पण परीक्षेपुरता नक्की.

मागे पावलं थांबली. आदिनाथ. रापला होता.

"कधी आलीस?... किती हाय?"

"तुमीच मोजा."

ओल जिथे संपत होती तिथे मी दोर मुठीत धरला. खालच्या टोकापासून तो मोजत आला. एक हात. मग चौथाई. शेवटी त्याची मूठ माझ्या मुठीला टेकली आणि तिथेच राहिली. दोरातलं पाणी दोघांच्या मनगटांवरून ओघळत होतं.

"परवा पेपर हाय," मी म्हणाले.

"वाट कोरडी हाय," तो म्हणाला.