जुन्या फाटकाची लाल बत्ती

रेल्वे इंजिनाच्या शेडमध्ये एकच नियम असा होता, ज्याचं कारण विचारायचं नाही. जुन्या फाटकापाशी लाल बत्ती हलताना दिसली, तरी गाडी थांबवायची नाही. मामांनी भाचीला तो पहिल्याच दिवशी सांगितला होता, आणि पहिल्याच दिवसापासून तो तिच्या डोक्यात जात होता. तीन वर्षं हात काळे करून ती ड्रायव्हर झाली होती. लाल दिसलं की थांब, हा तर तिचा पहिला धडा.

उद्या सकाळी हिवाळी सहल. पन्नास वर्षांचं डिझेल इंजिन, पाच डबे, शंभर माणसं, आणि पहिल्यांदाच ती चालवणार होती. थंडी अशी, की इंजिन बंद केलं असतं तर आतलं पाणी गोठलं असतं. म्हणून ते रात्रभर घरघरत ठेवलं होतं. त्याच्या सोबतीला मामा, गार्डकाका, ती आणि सहलीच्या मदतीला आलेली दोन तरुण पोरं जागत बसली होती.

"आज सांगूनच टाका मामा. तोंड मिटून पाळायला मी काय बालवाडीत आहे?"

"हिची जीभ इंजिनापेक्षा गरम," गार्डकाका म्हणाले.

मामांनी शेगडीवर हात धरले. "ऐक मग. लंबू ड्रायव्हर, माझा जोडीदार. त्याच्या बाबतीत घडलंय, ऐकीव नाही. त्या प्रसंगाच्या आदल्या हिवाळ्यात म्हातारा फाटकवाला वारला होता. थंडीनं रूळ तडकला, म्हणून बत्ती हलवत गाडीसमोर धावला. त्या गाडीच्या ड्रायव्हरला वाटलं, म्हातारा उगाच घाबरतोय. थांबला नाही. गाडी कशीबशी निघाली. म्हातारा नाही निघाला. मग फाटक बंद झालं. म्हाताऱ्याच्या खोलीला कुलूप लागलं."

"आणि लंबू?"

"अठरा जानेवारी. रात्रीचे दहा चाळीस. सहलीचे रिकामे डबे घेऊन परतत होता. धुकं. वळण घेतलं... समोर लाल बत्ती. डावीकडून उजवीकडे. हळूहळू."

"कुणीतरी चेष्टा केली असेल," एक पोरगा म्हणाला.

"उणे चार अंशांत? ये, तू करून दाखव." मामा म्हणाले. "लंबूनं ब्रेक लावला. गाडी थांबली. बत्ती विझली. तो उतरला. जमिनीवर दंव. पांढरं, कोरं. एक पाऊल उमटलेलं नाही. त्यानं हाक मारली. कोण आहे..."

इंजिन घरघरत होतं.

"उत्तर नाही. परत केबिनमध्ये चढला. आणि त्याच्या खुर्चीवर..."

"काय?"

"हातबत्ती. विझलेली. काच मात्र भाजेल इतकी गरम." मामांचा आवाज खाली गेला. "त्यानं गाडी हाणली ती थेट शेडपर्यंत. पुन्हा इंजिनाला शिवला नाही. बत्ती कुठून आली... आजवर कळलं नाही."

पोरं शेगडीजवळ सरकली. भाची जागची हलली नाही.

"आणि रूळ?"

"कुठला रूळ?"

"फाटकापुढचा. लाल बत्ती दिसली, गाडी थांबली. मग पुढचा रूळ कुणी बघितला?"

मामांनी गार्डकाकांकडे बघितलं. "अगं, घाबरलेला माणूस..."

"तो घाबरला, चालेल. पण दुसऱ्या दिवशी उजेडात तुम्ही काय केलंत?"

"आम्ही..." गार्डकाकांनी घसा खाकरला. "आम्ही नियम केला."

"वा! मेलेला माणूस अजून ड्यूटी करतोय, आणि जिवंत माणसं त्याच्याकडे बघायचं नाही असा नियम करतायत!"

"मोठ्यांशी बोलतेयस," मामा कडाडले. "नियम पाळायचा नसेल, तर उद्या चालवू नकोस."

तीन वर्षं तिनं या एका सकाळची वाट बघितली होती. तिनं खिशातून इंजिनाचं हँडल काढलं. ते बसवल्याशिवाय इंजिन जागचं हलत नाही. तिनं ते मामांपुढच्या खोक्यावर ठेवलं.

"घ्या. चालवा तुम्ही. फक्त सकाळी डब्याडब्यात जाऊन शंभर माणसांना सांगा, लाल बत्ती दिसली तरी आम्ही थांबणार नाही म्हणून. पोरंबाळं घेऊन येणार आहेत ती. मी चालवली तर थांबणार, उतरणार, आणि पुढचा रूळ पायी चालून बघणार. तो म्हातारा भेटला, तर त्याला सांगणार, दिसली बत्ती, आजोबा."

मामांनी शेगडीतले निखारे सारखे केले. गार्डकाका स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

हँडल खोक्यावर पडून होतं. दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.