हिरवा कौल

तुषारयंत्राने सकाळची फवारणी केली आणि काचघरातल्या पानापानावर थेंब लोंबू लागले. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, त्याला पानावरचा थेंब लागतो. मिरू मात्र फांदी धरून नुसता बसला होता. रंग हिरवागार. बाहेरच्या रंगमापकाने चाळिसाव्या दिवसाची नोंद केली : हिरवा, समाधानी.

डॉ. वैजयंती गुरव नोंदीकडे बघत राहिली. प्रयोगशाळेत वनस्पतींच्या विषांचं काम तिच्याकडे होतं, पण मिरू प्रयोगशाळेचा नव्हता. तो शाल्मलीचा, तिच्या मुलीचा. आठ महिन्यांपूर्वी एकोणीस वर्षांची शाल्मली तापाने गेली. जाण्याआधी दोन दिवस तिने इस्पितळातून आईच्या फोनवर निरोप ठेवला होता :

"आई, मिरूच्या घरात आता खरी झाडं लाव गं. प्लास्टिकची नकोत. जास्वंद चालेल. पण कण्हेर नको हां, तुला देवाला लागते म्हणून लावशील तिथे. आणि पाणी शिंपड. मी आल्यावर बघते."

वैजयंती तो निरोप रोज ऐकायची. पूजा झाली की देवघरासमोर बसूनच, पोथीचा अध्याय वाचावा तसा. ऐकून झाला की फोन बाजूला ठेवायची आणि चहा टाकायची. डोळ्याला कधी पाणी आलं नाही. तेराव्याला धाकटी जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली होती, बाई दगडाची आहे. त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं. इतकी वर्षं व्रतं केली, त्याचं देवाने हेच फळ दिलं असेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

लेकीचं सांगणं म्हणून तिने मिरूच्या घराची झाडं स्वतः निवडली. विष तीन वाटांनी येतं : पान चावलं तर, पानावरचा थेंब प्यायला तर, आणि पान खाल्लेला किडा गिळला तर. कण्हेर, धोतरा, रुई या देवाच्या पत्रीतल्या तिघांना तिने पहिल्यांदा वगळलं. जास्वंद ठेवली, छोटा नांदरुक ठेवला. आणि वरिष्ठांनी सांगितलं म्हणून प्रयोगशाळेची नवी शांतवेल चाचणीसाठी ठेवली.

डॉ. नसरीन बागवान वजनकाटा घेऊन आत आली. ती प्राण्यांची डॉक्टर. मिरूला अलगद उचलून तिने काट्यावर ठेवलं.

"वैजूताई, तुमच्याबरोबर हाही उपास धरतो की काय? एकशे बेचाळीस ग्रॅमचा एकशे अठरा झालाय."

"रंग तर हिरवा आहे."

"रंगाने पोट भरतं का? नाकतोडा याच्या नाकासमोरून चालत गेला. याने नुसता बघितला, पाहुण्याकडे बघावं तसा."

"वेलीत विष नाही. तिन्ही वाटा तपासल्यात मी."

"मग ही करते तरी काय, ते मला नीट सांगा. माहितीपत्रकात नुसती स्तुती आहे."

"ती शमनगंध सोडते," वैजयंती म्हणाली. "नाकाला कळतही नाही. मेंदूत भीतीची घंटा वाजते ना, त्या घंटेचा आवाज तो गंध कमी करतो. दुसरं काही नाही."

"आणि सुरक्षित आहे, हे ठरवायचं कशावरून?"

"रंगनिकषावरून. शॅमेलिऑन घाबरला, आजारी पडला की काळवंडतो. चाळीस दिवस हिरवा राहिला, म्हणजे झाड मानवलं. आज मी सही करायची, सोमवारी वेली शाळांच्या वर्गांत जायच्या."

नसरीनने मिरूला परत फांदीवर सोडलं. "म्हणजे तुमच्या गावच्या कौलासारखंच की. वडील लावायचे म्हणाला होतात ना?"

वैजयंतीचे वडील गावच्या देवीचे गुरव. ओल्या पाकळ्या पाषाणाला चिकटवून ते देवीला प्रश्न घालत. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. एकदा संध्याकाळ झाली तरी एकही पाकळी पडली नाही. मंडळी म्हणाली, देवी नाही म्हणत नाही, म्हणजे होच समजा. वडिलांनी पाकळ्या काढल्या. म्हणाले, "पाकळी पडायला मोकळी नाही, तर देवी बोलणार कशी? पाणी जास्त झालंय. पुसून परत लावा."

तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"नसरीन, आरसा आहे का?"

आरशात शॅमेलिऑनला दुसरा नर दिसतो. मग तो फुगतो, काळा पट्टा उठतो, तोंड वासतो. मिरूने आरशात बघितलं. आधी एका डोळ्याने, मग दोन्हींनी. आणि हिरवाच राहिला.

"हा समाधानी नाही," वैजयंती म्हणाली. "याला काळं होताच येत नाहीये."

त्या दिवशी, शुक्रवारी, तिने सही केली नाही. मिरूला दुसऱ्या खोलीत, नुसत्या जास्वंदीवर ठेवलं. शनिवार, रविवार तो तसाच होता. सोमवारी सकाळी त्याने दोन नाकतोडे मटकावले आणि आरसा दिसताच कोळशासारखा काळा होऊन फिसकारला. रंगमापकाने लगेच नोंद केली : असमाधानी.

"चला, राग आला एकदाचा," नसरीन हसली. मग तिने सहीसाठी आलेल्या अहवालाचं पुढचं पान उलटलं. शांतवेल आठ महिने ठेवलेल्या अकरा घरांची यादी होती. प्रश्न एकच : शांत वाटतं का? अकराही घरांनी लिहिलं होतं, हो. पहिलं नाव वैजयंती गुरव.

नसरीनचं हसू गेलं. "तुमच्याकडे कुठे ठेवलीय ती?"

"देवघरात."

"ताई, तुम्हालाही एकदा काहीतरी दाखवून..." तिने वाक्य सोडून दिलं.

"आरसा नको," वैजयंती म्हणाली. "मी रोज सकाळी तिचा निरोप ऐकते. आठ महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. आणि डोळे एकदाही भरले नाहीत."

असं म्हणतानाही तिचा आवाज सरळच होता, आणि तो सरळ आहे हे या वेळी तिला ऐकू आलं. तिने अहवाल ओढून घेतला. शांतवेल, असुरक्षित. पुरावा : मिरू, चाळीस नोंदी. खाली आणखी एक ओळ लिहिली : वैजयंती, दोनशे एक्केचाळीस नोंदी. आणि सही केली.

"मिरूला किती दिवस लागले?"

"तीन."

"आज घरी गेले की वेल काढते. म्हणजे गुरुवार." तिने अहवाल मिटून ठेवला. "गुरुवारी सकाळी येशील का माझ्याकडे? पूजेनंतर. तेव्हा मी एकटी नको."

"येते. पण ताई, हा एवढासा जीव, वेलीजवळ चाळीसच दिवस होता. माणसाला किती लागतील, कुणी तपासलेलं नाही."

"मग गुरुवारपासून रोज ये."

नसरीनने मान हलवली. काट्यावरची धूळ उगाच पुसली. "डबा आणते. गुरुवारचा उपास असतो ना तुमचा?"

"असतो."

"मग साबुदाण्याची खिचडी."

"शेंगदाण्याचं कूट जरा जास्त घाल," वैजयंती म्हणाली. "शाल्मलीला तशी आवडायची."