नवखी राहण्यासाठी

चुकीचं दार उघडलं म्हणून सगळं घडलं. भरतकाम केलेल्या अभ्र्यांचा गठ्ठा पोचवायचा होता वरच्या मजल्यावर, आणि ही पोरगी आपल्याच तंद्रीत खालच्या मजल्यावर दार ढकलून आत. समोर विस्कटलेल्या केसांचा एक तरुण.

"तुम्ही आमची सिस्टिम कधी वापरली आहे?"

"कसली सिस्टिम? मला त्यातलं काही कळत नाही."

"काहीच नाही?" त्याचा चेहरा उजळला. "मग बसा ना... जरा वेळ."

आपल्या अज्ञानावर इतका खूश झालेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती बसली.

तो कॉम्प्युटरची नवी ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांपैकी होता. नवख्या माणसानं त्यात पेनड्राइव्ह लावला, की पुढे तो स्क्रीनवर सापडतच नसे. म्हणून तिनं पेनड्राइव्ह लावायचा, त्यातली फाइल उघडायची आणि मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. तो मागच्या खुर्चीत बसून बघणार. मदत नाही, खूण नाही, चकार शब्द नाही.

भरतकामाच्या मशीनला नक्षी द्यायला लागतो म्हणून पेनड्राइव्ह तिच्या पर्समध्ये असायचाच.

"लावला," ती म्हणाली. "आता... गेला कुठे? गिळला वाटतं तुमच्या खोक्यानं." मागे त्यानं हसू दाबलं. "हसलेलं चालतं वाटतं... फक्त बोलायचं नाही."

स्क्रीनच्या काळ्या कडेत त्याचं अर्धंच प्रतिबिंब दिसत होतं. हनुवटीवर टेकवलेली बोटं, आणि तिच्या हातांवर खिळलेली नजर. पेनड्राइव्ह काही सापडला नाही.

"मी सुधारणा करतो. पुढच्या आठवड्यात याल?" तो म्हणाला. "एकदा सापडला की सुटलात. मग तुम्ही नवख्या राहत नाही, पुन्हा बोलावता येत नाही."

झालं. हे शेवटचं त्यानं सांगायला नको होतं.

पुढच्या खेपेला पेनड्राइव्ह लावला मात्र, स्क्रीनच्या मधोमध त्याचं चित्र उमटलं, खाली नावसुद्धा. तिचा हात पुढे झाला... आणि काळ्या कडेतली ती बोटं दिसली.

"नाही बाई," ती म्हणाली, "कुठेच दिसत नाही."

तिचे कान तापले. पण पुढचं बोलावणं आलं, आणि त्याच्या पुढचंही. भरतकामाचं दुकान तिच्या आत्याचं. आत्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "पेनड्राइव्ह शोधायला जातेस, की हरवायला?"

"काहीतरीच तुझं, आत्या."

"माझं काहीतरीच, आणि तुझं सगळं ठीक. आरशापुढून हल म्हणजे मिळवली."

त्या दिवशी त्याचे डोळे तांबारलेले होते. "शेवटची चाचणी," बसायच्या आधीच तो म्हणाला. "उद्या हे सगळ्यांकडे जाणार. तुम्हाला सापडेना, म्हणून पुन्हा मुळापासून केलं."

तिनं पेनड्राइव्ह लावला. एक चौकट उघडली. 'तुम्ही काही जोडलं आहे का?' हो. दुसरी चौकट. 'ते उघडायचं आहे का?' हो. लगेच तिसरी.

कॉम्प्युटरला बिचकणारी आत्या डोळ्यांपुढे आली. पहिल्याच चौकटीला घाबरून तिनं पेनड्राइव्ह उपटला असता. अशा किती आत्या उद्या उपटणार, आणि बोल याला लागणार. खरं सांगावं, तर ही खुर्ची गेली.

"मनात येईल ते बोलायचं ना?" ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली. "मला दुसऱ्याच खेपेला सापडला होता. चित्र समोर होतं... छान केलं होतंत तुम्ही. मी मुद्दाम खोटं बोलले. परत येता यावं म्हणून. या चौकटी काढा. माझ्या वेडेपणाची शिक्षा लोकांना कशाला?"

मागे खुर्ची सरकली. तो तिच्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं चौकटी पुसून टाकल्या, एकेक करून. चित्र पुन्हा मधोमध आलं.

"रागावलात?"

"हो. इतके दिवस मी स्वतःला गाढव समजत होतो." त्यानं श्वास घेतला. "आता तुम्ही नवख्या नाही. तुम्हाला चाचणीला बोलावता येणार नाही."

"माहीत आहे." तिनं पेनड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला.

"माझं ऐकून तरी घ्या," तो म्हणाला. "मला तुम्ही आवडता. त्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यामागून डोकावलात तेव्हापासून. पण तुमच्याशी बोललो असतो, तर सगळ्या चाचण्या बाद झाल्या असत्या."

"आता बाद व्हायचं काही उरलंय?"

"नाही."

"मग बोला की..."

आणि तो बोलायला लागला. जिना उतरताना, रस्ता ओलांडताना, थेट आत्याच्या दुकानाच्या दारापर्यंत तो बोलतच राहिला, आणि ती शेजारून चालत, चकार शब्द न काढता ऐकत राहिली.