लाभ, दोन…

कंदिलाची वात जरा कमी करतो. लाइट आली तरी राहू द्या. या उजेडात सांगायला मला बरं वाटतं.

काम साधंच होतं. माझी नात ज्योत्स्ना हिला पाठांतराच्या स्पर्धेला वाशीमला न्यायचं होतं. तिनं पायचे आकडे पाठ केले होते, न संपणारे. मी विचारलं, “कोनाच्या पायाचे?” तर पोट धरून हसली. “आबा, गनितातला पाय. तुमच्या दुखऱ्या गुडघ्याचा नाही.”

तिची रीत अशी. एक म्हणजे काठी, दोन म्हणजे बदक, आठ म्हणजे चष्मा. या वस्तू मनातल्या घरात ओळीनं मांडायच्या आणि डोळे मिटून त्या घरातून चालत जायचं. आमचं अनसिंग गावातलं घरकुल तर दोन खोल्यांचं. त्यात आकडे मावेनात. म्हणून मी तिला आमचं पाडलेलं मातीचं घर सांगितलं: ओसरी, तिथली झुलती बंगई, चूल, न्हाणी, गोठा. चुलीमागची धान्याची खोली तेवढी सांगितली नाही.

माझी बायको प्रयाग तिथंच गेली. ज्वारी मोजायला बसली, पहिलं माप ओतलं, “लाभ” म्हणाली आणि पोत्यावर कलंडली. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. दोन म्हणायला ती उरली नाही. आता सगळं काट्यावर जातं. पोरीनं तो शब्द कधी ऐकलाही नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, ती डोळे मिटून बसली. आकडे सुरळीत चालले होते. मनातल्या चुलीपाशी पोचली असेल, तेव्हा एकच्या जागी म्हणाली, “लाभ.”

पुढचा आकडा आलाच नाही.

थोड्या वेळानं पुन्हा, “लाभ.” आवाज तिचाच, पण दमलेला. घरात जुन्या ज्वारीचा वास आला. आम्ही तर कितीक वर्षं सोयाबीनच पेरतो.

“ज्योती, डोळे उघड.”

“उघडत नाही, आबा… इथं दार हाय. तुमी सांगतलंच नाही.”

“आत नको जाऊ.”

“गेली मी… एक बाई ज्वारी मोजून राह्यली. एकच माप ओतते, अन् तेच पुन्हा भरते… मले म्हनते, पुढचं सांग. मले येत नाही, आबा…”

तिचे हात विहिरीच्या पाण्यासारखे गार पडले. हलवलं, हाका मारल्या, तोंडावर पाणी मारलं. श्वास लांबत चालला. प्रत्येक ‘लाभ’ आधीच्यापेक्षा हळू.

मग मला समजलं. मी तिच्या कानाशी वाकलो, पण बोललो प्रयागशी.

“पोरीले सोड, प्रयाग. मी सांगतो… दोन.”

ज्योत्स्नानं मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

स्पर्धेत ती कुठंच अडली नाही. परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून होती. मी हळूच विचारलं, “ते दार?”

“लागलं. पन फटीतून दिसते.”

“काय?”

“आजीजवळ तुमी बसले हाय. तिनं तिसरं माप भरून ठेवलं… अन् आता तीन कोन म्हनते म्हून दोघं बी दाराकडे पाहून राह्यले.”

मी तिचा हात हातात घेतला. तिच्या नखांत ज्वारीचा भुसा होता.