‘बंडखोर’चं कोरं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत दोघांनी एकाच वेळी ‘ब’चा खण ओढला, आणि सगळी कार्डं फरशीवर!

“माझीच चूक,” ती घाईघाईने म्हणाली. खरं तर चूक त्याची होती, पण बाईसाहेबांना सवयच तशी. जन्मात कुणाला ‘नाही’ म्हणाली असेल तर शपथ!

कार्डं गोळा करताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... तिने चटकन हात मागे घेतला, तर हातात ‘बंडखोर’चं कार्ड. अर्थ लिहिलेला. उगमही लिहिलेला — ‘खोर’ फारसीतून आलेला, म्हणजे खाणारा. उदाहरणाची जागा मात्र कोरी.

“हे अडलंय का?” तिने विचारलं.

“महिनाभर. वाक्य मनाने रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच हवं, हा आपला नियम. तुम्हाला कुणी म्हणालं असेल तर सांगा.”

“मला? मला कोण म्हणतंय बंडखोर!”

“मी म्हणेन की,” तो चष्मा पुसत म्हणाला. “पण ते माझं वाक्य झालं. ते चालत नाही.”

“काहीतरीच!”

ती गोंधळली. हा थट्टा करतोय, की... आणि नेमकं आजच? बाबांनी स्थळ ठरवलं होतं. संध्याकाळी होकार कळवायचा होता. मुलगा चांगला, नोकरी चांगली, मग मन का घेत नव्हतं? आणि रोज गुपचूप तिच्या पेन्सिलीला टोक करून ठेवणाऱ्या ह्या माणसाचं काय करायचं?

“मग... संध्याकाळी होकार?” त्याने खाली बघतच विचारलं. कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला नका विचारू. मी ‘नको’ म्हणेन, आणि तुम्ही तेही ऐकाल. तुम्ही सगळ्यांचंच ऐकता.”

असा राग आला तिला! तरातरा फोनपाशी गेली.

“बाबा, त्यांना नाही म्हणून कळवा.” पलीकडून प्रश्न आला. “का? माहीत नाही... म्हणजे, माहीत आहे. घरी येऊन सांगते.”

त्यावर बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की त्यालाही ऐकू गेलं — “तू कधीपासून एवढी बंडखोर झालीस गं?”

तिने कानाला फोन तसाच धरून हात पुढे केला. त्याने पेन्सिल दिली. बाबांचं वाक्य तिने कार्डावर जसंच्या तसं उतरवलं आणि खाली लिहिलं: ‘कुणाच्या तोंडून — वडील.’

“झालं तुमचं कार्ड,” फोन ठेवत ती म्हणाली. डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. “आता चष्मा पुसत बसू नका. घरी ‘का’ ते सांगायचंय... आणि मी एकटी नाही सांगणार.”