जमीन सोडलेली वेल

दुपारचं धुणं वाळत घालायला ती परसात गेली, तेव्हा कुंपणाच्या झुडपांवर कुणीतरी पिवळा दोरा टाकून दिल्यासारखं तिला दिसलं. ओल्या चादरीचं टोक दातांत धरून तिनं तो ओढून पाहिला. दोरा तटकन तुटला. बोटांना किंचित चिकट लागलं, आणि भिजलेल्या पिठासारखा एक कच्चा वास आला.

तिचं चष्म्यांचं दुकान रस्त्याच्या अंगाला होतं आणि दुकानामागची खोली म्हणजे घर. त्या खोलीत खिडकीला लागून वडिलांचा पलंग. वडिलांनी जन्मभर लांब पल्ल्याचे ट्रक चालवले. तोंडानं असे फटकळ, की शिवी घातल्याशिवाय त्यांना प्यायचं पाणीसुद्धा मागता येत नसे. मग एके दिवशी झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. तेव्हापासून ते नुसते बघत. त्या बघण्यात तहान आहे, राग आहे की आणखी काही, हे ओळखण्यातच लेकीचे दिवस जात होते.

कुंपणापलीकडे बाई राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि एकदा बोलायला लागल्या की समोरच्याचा चहा गार करूनच थांबणाऱ्या.

"अमरवेल गं ती," व्हरांड्यातल्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. "बी रुजतं तेव्हा तिला नावापुरतं मूळ असतं. मग ती आंधळ्यासारखी इकडेतिकडे चाचपत डोलते. झाड हाताशी आलं की त्याला विळखा घालते आणि विळख्यातून बारीक दात आत रोवते. एकदा का रस लागला, की तिचं मूळ वाळून जातं. मग तिला जमीन लागत नाही, पान लागत नाही, काही लागत नाही."

"म्हणजे आयतखाऊ. उपटून टाकते."

"राहू दे. तेवढंच डोळ्यांना पिवळं दिसतंय. आणि नुसती आयतखाऊ नाही हं ती. दोन झाडांना धरून बसली की एकाचं दुखणं दुसऱ्याला कळतं, तिच्यातून. वर्गात हे सांगितलं की टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची."

बाईंचा शब्द मोडायचा म्हणजे आणखी अर्धा तास ऐकणं आलं. तिनं वेल राहू दिली.

बघता बघता वेलीनं कुंपण झाकलं. झुडपांची पानं फिकी पडली आणि पिवळे दोरे सुतळीएवढे जाड, तुकतुकीत झाले. एक फाटा बाईंच्या व्हरांड्याकडे सरकला आणि खुर्चीमागच्या खांबावर चढला. दुसरा इकडे आला, खिडकीच्या गजांपाशी. कच्चा वास आता खोलीतही यायचा. फिनाईलनं लादी पुसली तरी तो जात नसे.

एका संध्याकाळी ती खिडकीचा पडदा ओढत होती.

"राहू दे," मागून कुणीतरी म्हणालं.

गंजलेली बिजागरी हलावी तसा आवाज होता. खोलीत वडिलांशिवाय कुणी नव्हतं. ती पलंगाशेजारी खालीच बसली. मग धावत कुंपणापाशी गेली. ऐकून बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात धरला. "किती... किती..." त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "बघ, मला शब्दच सापडेना."

वडील रोज थोडं थोडं बोलू लागले. डॉक्टर म्हणाले, मेंदू कधीकधी आडवाटेनं रस्ता काढतो, आनंद माना. तिनं मानला. पण वडील म्हणायचे, "खिडकी उघडी असावी. हवा खेळती राहते." म्हणायचे, "पाणी घोट घोट प्यावं." त्यात एक शिवी नसे. पहिल्यांदा तिला हसू आलं. बाप आजारानं सुधारला, तिनं दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगितलंही. मग एका सकाळी डोळे मिटूनच ते कडक आवाजात म्हणाले, "ओळीत उभे राहा. ढकलाढकली नको." त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

बाई मात्र गप्प होत चालल्या होत्या. किल्लीला "ते, कुलपाचं" म्हणायच्या. मग कुलूपही गेलं, नुसता हात फिरवून दाखवायच्या. वय झालं, ती स्वतःला सांगायची. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

एका दुपारी बाई स्वतःच दुकानात आल्या आणि डोळ्यांकडे बोट दाखवून खुर्चीत बसल्या. तिनं तपासणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, भिंगं घातली आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर दिवा लावला.

"वरचं अक्षर वाचा, बाई."

बाई बघत राहिल्या.

"धूसर दिसतंय?"

बाईंनी मान हलवली. नाही, स्वच्छ दिसतंय. त्यांचे ओठ हलले. गळ्याची शीर ताठ झाली. आवाज मात्र निघाला नाही.

"ग," मागच्या खोलीतून वडील म्हणाले.

तिचा हात भिंगावरच थांबला. तक्ता दुकानाच्या भिंतीवर होता. मध्ये दार होतं, दाराला पडदा होता, आणि पडद्यामागे पाठीवर निजलेला माणूस छताकडे बघत होता. तक्त्यापाशी जाऊन तिनं दाखवायची पट्टी सावकाश खालच्या ओळीवर नेली. बाईंची नजर पट्टीबरोबर खाली आली.

"त," आतून आवाज आला. "म... ळ... ध."

एकही अक्षर चुकलं नव्हतं.

बाईंनी फ्रेम काढली नाही. जाड भिंगांमागे त्यांचे डोळे केवढाले दिसत होते. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मग तो हात पडद्याकडे नेला. "माझं..." त्या पुटपुटल्या. "तिकडे..."

बाईंना घरी पोचवून ती परत आली आणि थेट वडिलांच्या खोलीत गेली. वेल गजांतून आत आली होती हे तिला ठाऊक होतं. रोज बघत होती. पण आत येऊन ती जाते कुठे, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. दोरा उशीच्या कडेनं उतरून पांघरुणाखाली शिरला होता. तिनं पांघरूण उचललं.

वडिलांच्या लुळ्या मनगटाला वेलीचे विळखे होते. दुकानातलं भिंग आणून ती वाकली. विळख्याच्या आतल्या बाजूनं बारीक बारीक फुगवटे कातडीला लागलेले होते, आणि जिथे ते लागले होते तिथे कातडी कुठे संपते आणि वेल कुठे सुरू होते ते भिंगातूनही कळत नव्हतं. रक्त नव्हतं. सूज नव्हती. फुगवट्यांच्या मध्ये पांढऱ्या कळ्यांचा एक घोस तेवढा होता.

तिनं कात्री आणली.

"कापू नकोस," वडील म्हणाले.

ती थांबली.

"कापू नकोस, पोरी. आत फार अंधार होता... बोलायचो, पण कुणाला ऐकू जायचं नाही."

पोरी. हा शब्द त्यांचाच होता. तिनं कात्री खाली ठेवली आणि उशीवर डोकं टेकून ती रडली. नंतरचे काही दिवस तिनं पांघरूण उचललं नाही. परसातही गेली नाही. धुणं खोलीतच वाळत घालायची. वडिलांजवळ बसायची आणि त्यांना बोलू द्यायची. इतक्या दिवसांची भूक होती तिची. बाईंकडे डबा पोचवायची, तोही पायरीवर ठेवून मागे फिरायची.

मग एकदा तिनं विचारलं, "बाबा, आईची आठवण येते का हो?"

"येते की," वडील गोड आवाजात म्हणाले. "फार हुशार मुलगी. दुसऱ्या बाकावर बसायची. अक्षर तर असं, की पाहत राहावं."

आई कधी शाळेत गेली नव्हती. अंगठा उठवायची.

त्याच वेळी कुंपणापलीकडून आवाज आला. तान्हं मूल भुकेनं किरकिरतं तसा. पण पलीकडे मूल नव्हतं. व्हरांड्यात बाई बसल्या होत्या, आणि त्यांना कुणाला तरी हाक मारायची होती.

तिनं कात्री उचलली. या वेळी वडील काही बोलले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते, पूर्वीसारखे, आणि त्या बघण्यात 'काप' होतं की 'नको' होतं, ते तिला काही केल्या ओळखता आलं नाही.

तिनं कापलं. वेल सुतळीसारखी कुरकुरत तुटली आणि कच्च्या वासानं खोली भरून गेली. वडिलांनी एक लांब श्वास सोडला. परसात जाऊन तिनं झुडपं बुंध्यापासून छाटली, बाईंच्या खांबावरचे दोरे ओरबाडून काढले. बाईंच्या मानेवर, अंबाड्याखाली, एक विळखा होता. तोही तिनं नखांनी खरवडून सोडवला. नखांत भरलेला पिवळा चीक धुऊनही निघाला नाही. सगळा ढीग तिनं रॉकेल ओतून जाळला. वारा पडलेला होता. तरी धूर तिच्या अंगावरच येत राहिला.

वडील पुन्हा बोलले नाहीत. झाड आतून वाळावं तसे ते वाळत गेले आणि पुढच्या महिन्यात एका दुपारी, ती दुकानात असताना, गेले.

बाई सावरल्या. आधी पाणी आलं, मग दार, मग किल्ली आणि कुलूप दोन्ही एकदमच. प्रत्येक शब्द सापडला की पोरीसारख्या टाळी वाजवायच्या. बघता बघता पूर्वीसारख्या घडाघडा बोलू लागल्या. परसात आता कुंपण नव्हतं, वेलीचा मागमूस नव्हता. नुसती काळी, जळकी जमीन होती. दोन्ही घरं एकमेकांना उघडी पडली होती. वडिलांमागे घर खायला उठायचं, म्हणून ती संध्याकाळी बाईंकडेच चहाला जाऊ लागली.

अशाच एका संध्याकाळी बाई व्हरांड्यात बसल्या होत्या आणि ती आत त्यांच्या ओट्यापाशी चहा करत होती. आधण उकळत होतं. तिनं फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं आणि बाईंना विचारायला तोंड उघडलं, किती घालू.

पण काय घालू?

ती डब्यात बघत राहिली. पांढरं, बारीक, चमकणारं. गोड असतं, हे तिला माहीत होतं. लहानपणी चोरून खाल्लेलं आठवत होतं. नाव तेवढं येत नव्हतं. जिभेच्या टोकावरही नव्हतं. जिथे ते असायला हवं होतं तिथे दात पडल्यावर राहते तशी खाच होती. चहा उतू जाऊन शेगडीवर चर्र आवाज झाला, तरी ती हलली नाही. तिनं एक शब्दही उच्चारला नव्हता.

"साखर," बाहेरून बाई हळूच म्हणाल्या. "साखर म्हणतात त्याला, पोरी."

व्हरांड्यातली खुर्ची करकरली. आणि मग, घाबरलेल्या स्वरात, बाईंनी विचारलं:

"मी... मी हे कुणाला सांगितलं आत्ता?"