अकरा सेकंद

ही गोष्ट खरी आहे. मी रचली असती, तर माझ्या मावसबहिणीला, मृण्मयीला, गोष्टीत जरा बरं माणूस म्हणून दाखवलं असतं.

तिनं सांगितली तशीच सांगते.

गाव भरे, पिरंगुटजवळचं, तालुका मुळशी. तारीख २६ एप्रिल २००७, गुरुवार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. दुपारचे पावणेबारा वाजले होते आणि अंगणात डोळे दिपतील असं ऊन होतं.

मृण्मयी मूळची परभणीची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. पिरंगुटच्या एका रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होती. भऱ्यात गोजराबाईंच्या घरी तिनं वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं घेतली होती. खोलीतला पलंग आणि आरशाचं लोखंडी कपाट घरमालकांचंच.

ती खोली आधी गोजराबाईंच्या मुलाची, माऊलीची होती. त्याची बायको उषा काविळीनं गेली. मग तो खाली झोपायला लागला आणि खोली भाड्याला निघाली.

उषाच्या मागं एक मुलगी. सृष्टी. सहा वर्षांची.

मृण्मयीनं उषाला कधीच पाहिलं नव्हतं.

एप्रिलच्या सुरुवातीला गोजराबाई एक पिशवी घेऊन वर आल्या. पिशवीत हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटी होत्या. नऊ.

"मॅडम, तुमी कंपूटरवर डीवीडी मारून देता म्हनं."

"देते की, मावशी. रायटर आहे माझ्याकडे."

"माऊलीचं लगीन धरलंय. अधिक महिना लागायच्या आत उरकायचं. नवी सून टीवीवर घरचं सारं बघंल. बारसं, वास्तुशांत, जत्रा." त्या पलंगाच्या कडेवर टेकल्या. "पर त्यातनं उषाला तेवढी काढा."

"काढा म्हणजे?"

"म्हंजी दिसाय नगं. पहिलीचं त्वांड बघत कोन नांदंल? आमच्यात दुसरी आली की गळ्यात सवतीचा टाक घालती, चांदीचा. पहिलीचा मान ऱ्हातो. ही शिकल्याली हाय, घालनार न्हाई म्हनली. मग डोळ्याम्होरं तरी कशाला?"

"आणि सृष्टी? तिला आई बघायची असेल."

"ती ल्हान हाय. इसरंल."

मृण्मयी नाही म्हणू शकली असती. पण 'आमच्या मॅडमना सारं येतंय' असं गोजराबाईंनी शेजारणीला सांगितलेलं तिच्या कानावर आलं होतं. ते तिला आवडलं होतं.

"बघते," ती म्हणाली.

उषाला काढणं सोपं निघालं. कारण ती दिसतच नव्हती. कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा.

दिसायचे ते बाकीचे. फेटा सावरणारे सासरे, लाजणारा माऊली, रांगणारी सृष्टी. सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसत होते.

म्हणजे तिच्याकडे.

ऐकू मात्र ती सारखी यायची. "इकडं बघ की, सृष्टे. इकडं." मृण्मयीनं तो आवाज पुसला आणि त्या जागी सनई भरली.

एकाच ठिकाणी उषा दिसली. बारशाच्या कॅसेटमध्ये.

याच खोलीतल्या, याच कपाटाच्या आरशासमोर ती उभी होती. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातावर बाळ. कॅमेरा डोळ्यापासून थोडा खाली घेऊन ती आरशात हसली.

"सृष्टे, ही बघ तुझी आई. तू मोठी झाल्यावर बघशील, तवा मी अशी बारीक नसंन हां."

अकरा सेकंद.

मृण्मयीनं ते कापले.

एका तासाच्या कॅसेटला कॉम्प्युटरवर तेरा जीबी जागा लागते. तिची हार्डडिस्क ऐंशी जीबीची, गच्च भरलेली. म्हणून एकेक कॅसेट कापून झाली की तिनं तिची मूळ फाइल पुसून टाकली. जागा हवी होती, हे खरं. अकरा सेकंदांपुरती जागा होती, हेही खरं.

कॅसेटी गोजराबाईंनी पाणी तापवायच्या बंबात घातल्या. जळक्या प्लास्टिकचा वास वर खोलीपर्यंत आला. मृण्मयीनं खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सृष्टी जिन्यावर बसली होती.

"ताई, त्यात आईचा आवाज हाय का?"

"नाही गं. ऑडिओ ट्रॅक करप्ट झाला होता."

सृष्टीनं मान हलवली. करप्ट म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.

तिला विचारता येऊ नये, म्हणूनच मृण्मयीनं तो शब्द वापरला होता. माझ्याशी बोलताना ती इथं पहिल्यांदा थांबली.

सृष्टी खाली गेल्यावर मृण्मयीनं डीव्हीडी लिहायला घेतली.

त्र्याहत्तर टक्क्यांवर ती अडकली.

होतं असं. डिस्क खराब निघते. तिनं दुसरी घातली. पुन्हा त्र्याहत्तर.

मृण्मयी चिडणारी नाही. ती नोंदी करणारी आहे. तिनं वही उघडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग सोळावरून आठवर आणला. मग चारवर. दुसऱ्या कंपनीच्या डिस्क आणल्या. अँटीव्हायरस बंद केला. लेन्स पुसली. बाकीचं सगळं बंद करून पाहिलं.

त्र्याहत्तर... त्र्याहत्तर... त्र्याहत्तर.

प्रयोगशाळेतल्या निषादनं आपला रायटर दिला. "मॅडम, नजर लागलीय तुमच्या डीव्हीडीला. लिंबू-मिरची बांधा."

"वायर द्या आधी त्याची," ती म्हणाली.

त्याच्याही रायटरवर त्र्याहत्तर.

तपासणी म्हणून तिनं तेवढ्याच आकाराचे कंपनीचे फोटो लिहून पाहिले. सरळ शंभर टक्के झाले. म्हणजे रायटर बरा, डिस्क बऱ्या. दोष व्हिडिओत होता.

सगळा व्हिडिओ बरोबर शंभर मिनिटांचा होता. तिनं त्र्याहत्तराव्या मिनिटाला काय आहे ते पाहिलं.

तिथं बारसं होतं. पाळणा... आणि लगेच दारातली रांगोळी. मधला जोड.

जिथून अकरा सेकंद कापले होते, ती जागा.

तिनं जोड नव्यानं केला. तिथं दोन सेकंद काळा पडदा टाकला. पुन्हा सगळं रूपांतर केलं. पाच तास लागले.

त्र्याहत्तर.

अशा दहा डिस्क वाया गेल्या. गोजराबाईंनी त्या मागून घेतल्या आणि पाखरं बुजायला शेवग्याला बांधल्या.

गुरुवारी कंपनीला सुट्टी होती. घरचे बस्त्याला पुण्याला गेले होते. खाली गोजराबाईंचे म्हातारे यजमान, हैबतराव, ओट्यावर झोपले होते आणि सृष्टी अंगणात खेळत होती. बाराला लाईट जाणार होती, भारनियमन होतं. त्याच्या आत काम व्हायला हवं होतं.

मृण्मयीनं बारशाचा सगळा भागच काढून टाकला. पाळणा नाही, जोड नाही, काही नाही. सर्वांत कमी वेगानं डिस्क लावली.

सत्तर... बहात्तर... त्र्याहत्तर...

चौऱ्याहत्तर.

पावणेबाराला शंभर टक्के झाले. तिला इतकं हलकं वाटलं की ती एकटीच हसली. डिस्क तपासायला तिनं ती तिथंच लावली. पुढं ढकलत ढकलत बघायला लागली.

सनई वाजत होती. जत्रा, वास्तुशांत, पहिला वाढदिवस.

मग सनई थांबली...

कॉम्प्युटरचा आवाज कमी झाला नव्हता. सनईच तेवढी नव्हती. त्या जागी कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. कॅमेरा तोंडाजवळ धरल्यावर येतो तसा, जवळचा.

तिनं मिनिट पाहिलं. त्र्याहत्तर.

पडद्यावर कपाट होतं.

तिनं काढून टाकलेलं. मूळ फाइल पुसलेली. कॅसेट जळालेली.

कॅमेरा हळूहळू आरशाच्या जवळ जात होता. आरशात खोली दिसत होती, पलंग दिसत होता. समोर कॅमेरा धरून कुणीतरी असायला हवं होतं...

कुणी नव्हतं.

आरशात मागं टेबल होतं. टेबलावर कॉम्प्युटर. त्याच्यासमोर खुर्चीत एक बाई बसलेली, कॅमेऱ्याकडे पाठ करून. निळा गाऊन. केसांना गुंडाळलेला पंचा.

मृण्मयीनं डोक्याला हात लावला.

आरशातल्या बाईनंही लावला.

कपाट तिच्या पाठीमागं होतं. खरंखुरं. चार पावलांवर. तिला वळायचं होतं, पण वळवेना. भीतीनं नव्हे, असं ती म्हणते. घरात एकट्यानं चोरून खाताना मागून कुणी आलं की मान जशी जड होते, तशी ती झाली होती.

पडद्यावरची बाई जवळ येत होती. तिची पाठ मोठी होत होती.

"इकडं बघ..."

आवाज स्पीकरमधून आला.

आणि लाईट गेली.

यूपीएस दोनदा टिकटिकला आणि बंद पडला. पडदा काळा झाला. पंखा थांबला. सगळं घर गप्प झालं.

त्या शांततेत, स्पीकर बंद असताना, तिच्या मानेमागून पुन्हा...

"इकडं बघ की."

खाली अंगणातून सृष्टी ओरडली, "आले गं!"

जिन्यावर धावती पावलं वाजली. दार उघडून सृष्टी आत आली. धापा टाकत होती. तिनं मृण्मयीकडे पाहिलं नाही. तिच्या मागं, कपाटाच्या बाजूला पाहिलं, आणि मग शांतपणे पलंगावर जाऊन बसली. खाली पाय हलवत.

"कुणी बोलावलं तुला?" मृण्मयीनं विचारलं.

"तुमी न्हाई," सृष्टी म्हणाली.

मग मृण्मयी बोलली. एवढे दिवस न बोललेलं सगळं. "सृष्टी, मी तुझ्याशी खोटं बोलले. आवाज होता. आई दिसतही होती. तुझ्यासाठीच बोलली होती. मीच काढलं ते. आता ते कुठंच नाही."

सृष्टी रडली नाही. रागावली नाही. तिनं मान जराशी तिरकी केली. मोठं माणूस काही सांगत असेल तर मूल ऐकतं, तशी...

मग म्हणाली, "आई म्हनती, ताईला काय बोलू नगं. तिला लाज वाटतीया."

मृण्मयीला माफी मागायची होती. कुठं तोंड करून मागायची, ते तिला कळेना.

"ती काय बोलली हुती ते लिवून द्या मला," सृष्टी म्हणाली. "म्या पहिलीत जानार हाय. वाचीन." आणि उड्या मारत खाली गेली.

मृण्मयी तशीच बसून राहिली. तीनला लाईट आली, तोवर तिनं मान वर केली नाही.

ती डिस्क पुन्हा उघडलीच नाही. निषादच्या कॉम्प्युटरवरही नाही. त्याच्या मते ती कोरी होती. गोजराबाईंना तिनं "होत नाही" एवढंच सांगितलं. "ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या, आणि पिशवी घडी करून घेऊन गेल्या. मे महिन्यात लग्न झालं. जूनमध्ये मृण्मयीनं खोली सोडली.

आता तीन वर्षं झाली. तिनं मला हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे.

सृष्टीला द्यायला तिनं ते बोलणं एका वहीत लिहून काढलं. पहिल्या दिवशी दोन ओळी झाल्या. अकरा सेकंदांत तेवढंच मावतं. तिनं घड्याळ लावून मोजलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिला आणखी एक वाक्य आठवलं. मग आणखी एक. मग पान भरलं.

उषा हे बोललीच नव्हती, हे मृण्मयीला पक्कं ठाऊक आहे. पण लिहिताना ते आठवल्यासारखंच येतं, त्याच आवाजात. गेल्या महिन्यात तिनं लिहिलं, 'हनवटीचे टाके खाजवू नगंस.' लिहून झाल्यावर तिनं गोजराबाईंना फोन केला. सहज चौकशी केली, असं दाखवून.

"व्हय वो, जिन्यावरनं पडली. तीन टाकं पडल्यात," त्या म्हणाल्या. "पर तुमाला कुनी सांगितलं?"

मृण्मयीनं फोन ठेवला.

वही अजून तिच्याकडेच आहे. हे तुझ्या आईचं बोलणं आहे असं सांगितलं आणि ते नसलं, तर त्या पोरीशी दुसऱ्यांदा खोटं बोलल्यासारखं होईल. नाही दिली, तर तिच्या आईला दुसऱ्यांदा कापल्यासारखं. ती मला विचारते, काय करू? मी ती वही वाचली आहे. अक्षर मृण्मयीचंच आहे. बोलणं तिचं नाही, एवढं मी सांगू शकते.

काल पुन्हा तिचा फोन आला. वही भरली म्हणाली.

नवी आणू का, असं विचारत होती.